दहा डॉलरची हातोडी : 'द शॉशँक रिडेम्प्शन' पुन्हा पुन्हा का बघावासा वाटतो

'द शॉशँक रिडेम्प्शन'चं नाव निघालं की गाडी लगेच 'आशा' या शब्दावर येते. सिनेमात आशेबद्दल बोलणं भरपूर आहे, हे खरं. पण माझ्या मते तीस वर्षांनंतरही तो टिकून आहे तो त्या भाषणांमुळे नाही. तो टिकलाय एका व्यवहारामुळे. एक माणूस गिऱ्हाईक म्हणून येतो आणि दुकानदाराचा जिवाभावाचा मित्र होतो. हा प्रवास दिग्दर्शक फ्रँक डॅराबाँटनं इतक्या चोख हिशेबानं मांडलाय की प्रत्येक टप्प्यावर कोणी कोणाला काय दिलं आणि कितीला दिलं, हे सांगता येतं. (पुढे सगळी कथा उघड केली आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी १४२ मिनिटं काढावीत.)

रेडचं पात्र मॉर्गन फ्रीमननं केलंय. तुरुंगात बाहेरच्या वस्तू मिळवून देणारा हा माणूस, आणि त्यात त्याचा हात कोणी धरत नाही. बायको आणि तिच्या प्रियकराच्या खुनाच्या खटल्यात दोन जन्मठेपा घेऊन बँकर अँडी ड्युफ्रेन (टिम रॉबिन्स) १९४७ मध्ये आत येतो, तेव्हा रेड त्याच्यावर पैज लावतो : पहिल्या रात्री हा रडणार. अँडी हूं की चूं करत नाही आणि रेड सिगारेटची दोन पाकिटं हरतो. म्हणजे हे नातं सुरू होतं ते रेडच्या तोट्यापासून. पुढे अँडी दगड कोरायची छोटी हातोडी मागायला येतो. बाहेर ती सात डॉलरला मिळते. रेडचा नेहमीचा नफा वीस टक्के, पण ही चीज जोखमीची, म्हणून सौदा ठरतो दहा डॉलरला. हातोडी हातात आल्यावर रेडला हसू येतं. हिनं भिंत फोडायला सहाशे वर्षं लागतील, असा त्याचा अंदाज.

मग हिशेब हळूहळू बिघडायला लागतो. तुरुंगात 'गिल्डा' दाखवत असताना अँडी रीटा हेवर्थचं पोस्टर मागतो. तेही अजून गिऱ्हाईक म्हणूनच. त्यानंतर लगेचच 'सिस्टर्स' म्हणवणारी टोळी त्याला मरणाची मारहाण करते आणि तो महिनाभर तुरुंगाच्या दवाखान्यात पडून राहतो. इकडे रेड आणि मंडळी शेतात कामाला गेल्यावर त्याच्यासाठी दगड वेचत बसतात, कारण त्याला बुद्धिबळाच्या सोंगट्या कोरायच्या आहेत. अँडी परत येतो तर खाटेवर गुंडाळी ठेवलेली, सोबत चिठ्ठी : पैसे नकोत, परत आलास ते बरं झालं. दोस्ती झाली हे सिनेमा तोंडानं कुठेच सांगत नाही. ज्या माणसानं हातोडीवर तीन डॉलर कमावले, तो आता पैसे घेत नाही, एवढंच दिसतं.

१९५७ मध्ये तीस वर्षं आत काढलेल्या रेडचा पॅरोल पुन्हा नाकारला जातो, तेव्हा अँडी त्याला माउथ ऑर्गन देतो. आणि सांगतो की हा मिळवायला तुझ्या एका प्रतिस्पर्ध्याकडे जावं लागलं, नाहीतर तुला आधीच कळलं असतं. याहून नेमकी ओळ पटकथेत क्वचितच सापडेल. रेड त्याच्यासाठी मेरिलिन मन्रोचं पोस्टर आणून ठेवतो, तुरुंगातल्या दहा वर्षांची भेट म्हणून. त्या रात्री कोठडीत रेड माउथ ऑर्गन ओठाला लावतो आणि एकच हलका सूर काढून थांबतो. या प्रसंगात फ्रीमननं चेहऱ्यावर काहीही ओढूनताणून आणलेलं नाही, म्हणून तो लागतो.

आता गच्चीचा प्रसंग. सिनेमाचा कणा तोच आहे, म्हणून जरा निवांत बघू. १९४९चा वसंत. नंबरप्लेट बनवणाऱ्या कारखान्याच्या गच्चीवर डांबर टाकायचंय, आठवडाभराचं काम, माणसं हवीत डझनभर आणि इच्छुक शंभराहून जास्त. रेड माणशी सिगारेटचं एक पाकीट चारून आपल्या सगळ्या टोळीची नावं चिठ्ठीत काढून घेतो. गार्डांचा प्रमुख हॅडली (क्लॅन्सी ब्राउन) कुरकुरत असतो : भाऊ मेला, पस्तीस हजार डॉलर ठेवून गेला, त्यातले बरेचसे सरकार खाणार. अँडी त्याच्याकडे चालत जातो आणि विचारतो, तुझा बायकोवर विश्वास आहे का? पुढच्या क्षणी तो गच्चीच्या कडेला लोंबकळत असतो. तसाच लोंबकळत तो सांगतो की नवऱ्यानं बायकोला एकदाच साठ हजारांपर्यंत दिलेल्या भेटीवर कर लागत नाही. कागदपत्रं मी करून देतो, बदल्यात माझ्या सोबत्यांना माणशी तीन बिअर द्या.

कराच्या दृष्टीनं हा प्रसंग डळमळीत आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात वारसाहक्कानं आलेला पैसा हे वारसाचं उत्पन्न धरलं जात नाही. कर बसायचा तो मेलेल्याच्या मालमत्तेवर, तो वाटप व्हायच्या आधीच. मग बायकोला भेट देऊन हॅडलीचा नेमका कोणता कर वाचला? बारकाईनं बघणाऱ्याला हे खटकेल. पण प्रसंग चालतो, कारण त्याची रचना कायद्यावर उभी नाहीच. अँडी स्वतःसाठी काही मागत नाही. काम संपायच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला कैदी उन्हात बसून थंडगार बिअर पितात आणि अँडी कोपऱ्यात बसून बघत राहतो. हेवूड त्याला बाटली देऊ करतो, तर आपण पिणं सोडलंय असं तो सांगतो. छायाचित्रकार रॉजर डीकिन्सनं त्याचा चेहरा आणि ती माणसं वेगळी ठेवलीत. म्हणून अँडीनं हे नक्की कशासाठी केलं, हा प्रश्न रेडच्या आणि आपल्या वाट्याला एकदमच येतो. रेडचा कयास असा की निदान थोडा वेळ पुन्हा साधा माणूस झाल्यासारखं वाटावं म्हणून.

इथूनच सिनेमाची खरी करामत कळते. सगळी कथा रेड सांगतो आणि रेडला अँडीच्या मनातलं काहीच माहीत नाही. डॅराबाँट चित्रीकरणाच्या काळात दर रविवारी 'गुडफेलाज' पुन्हा बघायचा. निवेदनाच्या जोरावर वर्षंच्या वर्षं कशी झरझर सरकवायची, हे त्यानं तिथून उचललं. पण निवेदकाचं अज्ञान हीच कथेची भिंत करायची, ही जोड त्याची (आणि मूळ कथेची) स्वतःची. अँडी एकोणीस वर्षं जिवलग मित्रापासून सगळ्यात मोठी गोष्ट लपवून ठेवतो : त्या हातोडीनं पोस्टरमागे तो पळून जायचं भुयार खोदतोय. हा विश्वासघात नाही. रेडला माहीत असतं तर तोही गुन्ह्यात भागीदार झाला असता आणि पॅरोल कायमचा बुडाला असता. सिनेमा हे कुठेच बोलून दाखवत नाही.

म्हणूनच दुसऱ्यांदा बघताना वेगळाच सिनेमा दिसतो. कुठे नजर ठेवायची ते सांगतो.

वॉर्डन नॉर्टन (बॉब गंटन) कोठडीची झडती घ्यायला येतो तो प्रसंग. भिंतीवर रीटा हेवर्थ आहे, नॉर्टन तिच्याकडे बघून नाक मुरडतो, पण चालवून घेतो. अँडीचं बायबल त्याच्या हातात आहे. तो निघतो, मग काहीतरी आठवल्यासारखं गजांमधून ते परत देतो आणि सांगतो की मुक्ती याच्यातच आहे. हातोडी त्या बायबलातच, पानं कोरून केलेल्या खाचेत आहे. शेवटी नॉर्टन तेच बायबल उघडतो तेव्हा खाच सुरू होते 'एक्झोडस'च्या पानावर, म्हणजे इजिप्तमधून बाहेर पडण्याच्या पर्वावर. पहिल्यांदा बघताना झडतीचा प्रसंग वॉर्डनची ओळख करून देतो. दुसऱ्यांदा त्यातल्या प्रत्येक सेकंदाला पोटात गोळा येतो.

मग अँडीचं शेवटचं तुरुंगातलं संध्याकाळचं काम. वॉर्डन त्याला बूट चकचकीत करून ठेवायला सांगतो. अँडी तेच बूट पायात घालून गार्डांसमोरून आपल्या कोठडीकडे चालत जातो. रेड नंतर म्हणतो, माणूस माणसाच्या बुटांकडे बघतो तरी किती? वॉर्डनच्या काळ्या पैशाच्या हिशेबाच्या वह्याही त्यानं तेव्हाच बदललेल्या असतात. दुपारी हेवूडकडून मागून घेतलेला सहा फुटी दोर रेडला झोप लागू देत नाही, कारण त्याला वाटतं अँडी जीव देणार. आपल्यालाही तेच वाटतं. दोर लागतो तो कागद आणि कपडे भरलेली प्लॅस्टिकची पिशवी पायाला बांधून भुयारातून ओढायला. आणि ज्या मैल्याच्या पाइपमधून बाहेर पडायचंय तो फोडताना अँडी दगडाचा घाव वीज कडाडेल त्याच क्षणी घालतो, म्हणजे आवाज दबावा. एकदा ताल चुकला तर खेळ खलास. त्या तीन घावांकडे कान देऊन बघा.

त्या पाइपमध्ये दोन गोष्टी जमत नाहीत, तेही सांगून टाकतो. निवेदनात त्याची लांबी पाच फुटबॉल मैदानांएवढी, जवळजवळ अर्धा मैल, अशी सांगितलीय. पाच मैदानं म्हणजे पाचशे यार्ड, साधारण साडेचारशे मीटर. अर्धा मैल भरतो आठशे मीटर. दुसरं, उतारावरून आपोआप वाहणाऱ्या मैलावाहिनीत एवढा दाब नसतो की भोक पडताच कारंजं उडावं. चित्रीकरणात त्या मैल्यासाठी चॉकलेट सिरप, लाकडाचा भुसा आणि पाणी वापरलं होतं.

मूळ कथा स्टीफन किंगची. १९८२ मध्ये आलेल्या 'डिफरंट सीझन्स' या संग्रहात तिचं नाव होतं 'रीटा हेवर्थ अँड शॉशँक रिडेम्प्शन'. किंगनं हक्क पाच हजार डॉलरला दिले आणि तो धनादेश कधी वटवलाच नाही. पुढे त्यानं तो चौकटीत घालून डॅराबाँटला परत पाठवला. सोबत चिठ्ठी : कधी जामिनाला पैसे लागले तर. पुस्तकातला रेड लाल केसांचा आयरिश माणूस आहे, म्हणून फ्रीमनच्या तोंडी 'आयरिश असेन म्हणून' हे वाक्य विनोद होऊन बसतं. पुस्तकातल्या रेडनं विम्याच्या पैशासाठी बायकोच्या गाडीचे ब्रेक बिघडवले होते आणि तिच्यासोबत शेजारीण आणि तिचं तान्हं मूलही गेलं. सिनेमानं फक्त 'खून' हा शब्द ठेवला. दोस्तीची गोष्ट सांगायची तर प्रेक्षकाला रेडच्या बाजूनं बसवणं भाग होतं, हे मान्य. पण त्यामुळे तिसऱ्या पॅरोलच्या वेळी त्याच्या पश्चात्तापाचं वजन थोडं कमी झालं, असं मला वाटतं. पुस्तकात वॉर्डन एकामागून एक बदलतात. डॅराबाँटनं त्यांचा मिळून एक नॉर्टन केला. टॉमी हा अँडीकडे शिकणारा तरुण कैदी पुस्तकात दुसऱ्या तुरुंगात बदलून जातो, सिनेमात त्याला गोळी घालतात. ब्रुक्स या म्हाताऱ्या कैद्याची शोकांतिकाही बहुतेक सिनेमाचीच. पुस्तकात त्याचा उल्लेख काही ओळींचा.

मोत्सार्टचा प्रसंग तर पुस्तकात नाहीच. आठवड्याला एक अशी सहा वर्षं पत्रं पाठवल्यावर सरकारकडून ग्रंथालयासाठी दोनशे डॉलर, जुनी पुस्तकं आणि रेकॉर्डी येतात. आता पत्रं थांबवा, अशी विनंतीही येते. (अँडी लगेच आठवड्याला दोन पत्रं पाठवायचं ठरवतो.) तो गार्डला संडासात कोंडून तुरुंगाच्या कर्ण्यांवर 'द मॅरेज ऑफ फिगारो' या मोत्सार्टच्या ऑपेरातलं दोन स्त्रियांचं गाणं लावतो. रेड म्हणतो, त्या दोघी काय गात होत्या ते मला आजही माहीत नाही, आणि माहीत करूनही घ्यायचं नाही. ज्यांना ऑपेरा ठाऊक आहे त्यांना माहीत असतं : काउंटेस आपली दासी सुझानाला चिठ्ठी सांगते आहे. त्या चिठ्ठीच्या जोरावर माजलेल्या काउंटला बागेत सापळ्यात पकडायचंय. हाताखालची माणसं एका चिठ्ठीनं मालकाला गंडवतात! अँडीच्या आयुष्यात नंतर होणार तेच तिथे सुरांत चाललेलं असतं. त्या आगळिकीबद्दल त्याला दोन आठवडे अंधारकोठडी.

ब्रुक्स (जेम्स व्हिटमोर) आणि रेड यांची जोडी मुद्दाम लावून बघावी. पन्नास वर्षांनी सुटलेला ब्रुक्स सरकारी खोलीत राहतो, वाणसामानाच्या दुकानात पिशव्या भरतो, आणि एक दिवस तुळईवर आपलं नाव कोरून गळफास घेतो. रेड सुटल्यावर त्याच खोलीत, त्याच कामावर. लघवीला जायचं तरी मालकाची परवानगी मागतो. मग तो एका दुकानाच्या काचेपुढे उभा राहतो. काचेआड पिस्तुलं मांडलेली आणि त्यांच्याच शेजारी एक होकायंत्र. रेड होकायंत्र घेतो. एकही शब्द नाही, पण आत्महत्या की अँडीनं जायला सांगितलेलं बक्स्टनचं ओकचं झाड, हा निवाडा तिथे झालेला असतो. त्या झाडाखालच्या डब्यात पत्र आणि पैसे आहेत. आयुष्यभर सगळ्यांना वस्तू मिळवून देणाऱ्या माणसासाठी या वेळी दुसऱ्यानं सोय करून ठेवलीय.

एवढं सगळं असून हा सिनेमा चित्रपटगृहांत पडला. अडीच कोटी डॉलर खर्च, आणि १९९४च्या पहिल्या फेरीत अमेरिकेत जेमतेम १ कोटी ६० लाख डॉलरची कमाई. नाव उच्चारायला अवघड, तुरुंगाची गोष्ट, नाव घेण्यासारखी नायिका नाही, आणि १४ ऑक्टोबरला सगळीकडे प्रदर्शित झाला त्याच दिवशी समोर 'पल्प फिक्शन'. ऑस्करला सात नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. तारलं ते व्हिडिओ कॅसेटनं आणि नंतर केबलनं. १९९७ पासून टर्नर समूहाची टीएनटी ही केबल वाहिनी तो सारखा दाखवायला लागली. निर्माती कंपनी कॅसल रॉक टर्नर समूहाच्याच हातात होती, त्यामुळे तो लावायला स्वस्त पडायचा. पण स्वस्त मिळणारे सिनेमे इतरही होते. हा चालला कारण तो तुकड्यातुकड्यांत पूर्ण आहे : हातोडी, गच्ची, ग्रंथालय, रेकॉर्ड, टॉमीची परीक्षा, प्रत्येकाला स्वतःची सुरुवात आणि शेवट. जाहिरातीनंतर मध्येच येऊन बसलं तरी दहा मिनिटांत माणूस गुंततो. २००८ मध्ये तो आयएमडीबी या सिनेमाच्या संकेतस्थळावरच्या प्रेक्षकपसंतीच्या यादीत 'गॉडफादर'ला मागे टाकून पहिल्या क्रमांकावर गेला, २०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जपून ठेवण्यासाठी निवडला गेला.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेतच. नॉर्टन एकरंगी खलनायक आहे. गंटननं त्याला बायबलच्या वचनांचा थंडपणा दिला म्हणून तो सुसह्य होतो. रेडच्या टोळीतला प्रत्येक कैदी गोड आणि सगळे नीच मात्र सिस्टर्समध्ये, ही वाटणी फार सोयीची आहे. आणि १९४०च्या दशकातल्या अमेरिकन तुरुंगात काळ्या रेडच्या वंशाचा उल्लेखही होत नाही. भूमिका गोऱ्या माणसासाठी लिहिलेली असल्यामुळे हे झालं, हे समजतं, पण पोकळी जाणवते.

तुरुंग म्हणून दिसते ती ओहायोतल्या मॅन्सफील्डची रिफॉर्मेटरी. १८९६ ते १९९० ती खराच तुरुंग होती. १९९३च्या उन्हाळ्यात चित्रीकरण झालं. मात्र कोठड्यांच्या रांगा दिसतात त्या जवळच्या वेस्टिंगहाउसच्या जुन्या गोदामात बांधलेल्या सेटवरच्या. खऱ्या इमारतीत कोठड्या एकमेकींसमोर नव्हत्या आणि डॅराबाँटला समोरासमोर हव्या होत्या, कारण कैद्यांनी पलीकडच्याचा चेहरा बघणं कथेला हवं होतं. ओकचं झाड ओहायोतल्याच मॅलबार फार्मजवळचं. २०११ मध्ये त्यावर वीज पडली आणि २०१६ मध्ये उरलेलंही कोसळलं. इमारत मात्र आता संग्रहालय म्हणून उघडी आहे, आणि आसपासच्या चित्रीकरणाच्या जागा जोडणारा एक मार्गही आखलेला आहे.

शेवटाबद्दल अजून वाद होतात. मूळ कथा थांबते ती रेड प्रवासाला निघायच्या बेतात असताना, मित्र भेटेल अशी इच्छा मनात धरून. डॅराबाँटलाही भेट न दाखवता, रेड बसमध्ये असतानाच थांबायचं होतं. कॅसल रॉकनं किनाऱ्यावरच्या भेटीचा हट्ट धरला. ती चित्रित झाली कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉइ बेटावर, अँडी पळून जिथे गेला त्या मेक्सिकोतल्या सिवातानेहोचा पॅसिफिक म्हणून. एरवी निर्मात्यांच्या हट्टानं सिनेमाचं नुकसान झाल्याचीच उदाहरणं जास्त. इथे मी निर्मात्यांच्या बाजूनं आहे. ज्या सिनेमात दोन माणसांमधली प्रत्येक देवघेव दाखवली, तिथे शेवटची तेवढी प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोडणं म्हणजे अपुरा हिशेब झाला असता. डॅराबाँटनंही ती भेट लांबून, वरून घेतली. दोघं काय बोलले ते ऐकू येत नाही.